काकू, तुम्ही बोट उचललं नाहीत

आदरणीय काकूंना,
सा. न.

हे पत्र मी हातातही आणून देऊ शकलो असतो. तुमचं बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर माझ्यापासून सायकलवर वीस मिनिटं. पण मला वाचता येत नाही हे मी तीस वर्षं चारचौघांपासून लपवलं, तेव्हा आता वाचता येतं हे चारचौघांतच सांगावंसं वाटलं. लिहायला नऊ रात्री लागल्या. ऱ्हस्व-दीर्घ लेकीने तपासले, बाकी अक्षर न् अक्षर माझं आहे.

गेल्या सोमवारची गोष्ट तुम्हाला अजून नीट सांगितलेली नाही. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या सुपरवायझरने मशीनवर जॉब कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "वाचून घे आणि जॉब लाव." एवढं बोलून तो पुढच्या मशीनकडे गेला. मी कार्ड वाचलं. वरपासून खालपर्यंत, कोणाला न विचारता. कोणता माल, किती नग, कोणता नग बाजूला काढायचा, सगळं. मग खाली बसलो आणि हात पुसायच्या चिंधीने डोळे पुसले. त्या चिंधीला ऑइलचा वास होता, तो अजून नाकात आहे. ऑपरेटरचं काम माझ्या हाताला बारा वर्षांपासून येतं. आकडेही येत होते. शब्द येत नव्हते, म्हणून बारा वर्षं हेल्परच्या पगारात राहिलो. आता महिन्याला २,८०० रुपयांचा फरक पडलाय.

मी निरक्षर नव्हतो, काकू, हेच तर लोकांना कळत नाही. नगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो होतो. वर्गात पोरं इतकी होती की मागच्या ओळीतल्याने कधी वाचून दाखवलं नाही तरी चालायचं. दरवर्षी पास व्हायचो. पाचवीत वडील आजारी पडले, शाळा सुटली, आणि जे काही येत होतं ते वापराविना बुजत गेलं. २०११ साली जनगणनेवाले आले तेव्हा "लिहिता-वाचता येतं?" या प्रश्नाला मी "हो" म्हणालो. सात वर्षांवरचा जो माणूस कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकतो तो साक्षर, अशी त्यांची व्याख्या आहे. पण परीक्षा कोणी घेत नाही, घरचे सांगतील ते लिहून घेतात. त्या वेळी देशातले शंभरातले साधारण ७३ लोक साक्षर निघाले. त्यांत मी एक. माझ्यासारखे अजून किती असतील, ज्यांना अक्षरं ओळखू येतात पण ओळ समजत नाही, याचा विचार आला की झोप लागत नाही.

मध्ये आमच्या वस्तीत प्रौढांचा एक वर्ग निघाला होता. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातात पाट्या देऊन फोटो काढले. तिसऱ्या आठवड्यात शिकवणारे यायचे थांबले. काही महिन्यांनी घरी प्रमाणपत्र आलं. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. ज्यांनी ते पाठवलं त्यांच्यावर माझा राग आजही तितकाच आहे. त्या कागदाने मी त्यांच्या हिशेबात शिकलेला झालो आणि माझ्याकडे पुन्हा कोणी वळून पाहिलं नाही.

आणि २०१४ ची ती सही. तेव्हा मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं काम केलं होतं. एका संध्याकाळी शेठने कागद पुढे केला, "इथे सही कर, पगाराचं आहे." सही मला छान येते. ती मी गिरवून गिरवून पक्की केली होती, म्हणजे कोणी अंगठ्याचं पॅड पुढे करू नये. मी वळणदार सही केली. त्या कागदावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे आणि माझं सगळं देणं मला मिळालं आहे. मला काहीच मिळालेलं नव्हतं. तेव्हा ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा होता, पाच वर्षं सलग नोकरी झाली की नोकरी सुटताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळायचा, हे मला तुमच्याकडे वाचायला लागल्यावर समजलं. महिना २६ दिवसांचा धरायचे. माझा शेवटचा पगार ७,८००, म्हणजे दिवसाचे ३००. त्याला पंधराने गुणा, मग नऊने. ४०,५०० रुपये. हा हिशेब मी वहीत करून तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याबद्दल.

पहिला रविवार. बायको तुमच्याकडे पोळ्या करायला यायची, तिच्याकडून तुम्हाला कळलं होतं. मी यायला तयार नव्हतो. तुम्ही म्हणालात, मी मास्तरीण नाही, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेला माझा, आपण नुसतं बसू. टेबलावर गणपतीच्या वर्गणीची एक जुनी पावती होती, तीच तुम्ही पुढे ओढलीत आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलंत. 'श्री' वाचलं. 'यांजकडून' अडखळत वाचलं. 'रुपये' आधीपासून येत होतं. मग पावतीच्या खाली उजव्या कोपऱ्यात आलो. तिथे शब्द होता, 'स्वाक्षरी'.

काकू, माझी एक युक्ती होती. अडलं की थांबायचं, खाकरायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. माणूस घाईत असतो, तो शब्द बोलून टाकतो. मग आपण तोच म्हणायचा. शाळेत मास्तर बोलून टाकायचे, बँकेत रांगेतला माणूस, दवाखान्यात नर्स. त्या युक्तीवर मी लग्न केलं, दोन मुलांना शाळेत घातलं, अर्धं आयुष्य काढलं. तेव्हाही मी खाकरलो आणि तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. तुमची नजर कागदावर होती आणि बोट शब्दाखाली.

आत गॅसवर दूध चढायला लागलं. आवाज तुम्हालाही आला असणार. मी म्हणालो, "काकू, दूध." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे." बोट तेवढं तसूभर मागे आलं, अर्ध्या 'स'खाली. दूध उतू गेलं. जळल्याचा वास बाहेरच्या खोलीत आला. मी घामाने भिजलो होतो. 'स'ला 'व' जोडला, काना दिला. मग तो 'क्ष', ज्याला मी चौथीपासून घाबरत होतो. किती वेळ गेला माहीत नाही. "स्वा... क्ष... री," मी म्हणालो, आणि मग एकदम, "स्वाक्षरी! म्हणजे सही!" तुम्ही "हं" म्हणालात आणि मग उठून गॅस बंद केलात.

पातेलं किती जळलं होतं ते मी नंतर बघितलं. माझ्या एका शब्दासाठी तोवर कोणी चहाचा कपसुद्धा निवू दिला नव्हता.

त्यानंतरचे दोन पावसाळे मी थोडक्यात सांगतो, कारण सगळं त्या बोटापासूनच आलं. मराठी बसली, मग तुम्ही गुजराती काढलीत. लहानपणापासून मी पाट्या बघून एवढंच ओळखायचो की डोक्यावर रेघ आहे ती आपली लिपी आणि रेघ नाही ती बाजारातली. तुम्ही म्हणालात, रेघ पुसून बघा. ग, न, म, त लगेच ओळखीचे निघाले. क, ज, ब, ख यांच्याशी भांडावं लागलं. ज्या दिवशी न्यायमंदिराजवळ बसवरची पाटी चालता चालता, न थांबता वाचली गेली, त्या दिवशी मी उगाच मांडवीपर्यंत पायी गेलो. दिसेल ती पाटी वाचत गेलो.

आणि काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी तुम्ही सांगितलेलं. त्या घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. त्याच माणसाने १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण चालू करून बघितलं, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं, आणि १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून गावोगाव वाचनालयांची व्यवस्था उभी केली. शाळेबरोबर वाचनालय हवंच, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. शाळा सुटल्यावर माझ्या हातात एखादं पुस्तक पडत राहिलं असतं तर चौथीतलं बुजलं नसतं, असं मला फार वाटतं.

वाचता यायला लागल्यावर मी याच विषयावरचं शोधून वाचत सुटलो. ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या देशांच्या संघटनेने बऱ्याच देशांतल्या १६ ते ६५ वयाच्या माणसांना खरोखर मजकूर देऊन वाचायला लावलं. आपला देश त्यात नव्हता. साक्षर आणि निरक्षर अशा दोनच रांगा त्यांनी केल्या नाहीत. ५०० गुणांची पट्टी केली आणि पहिल्या पातळीच्या खालपासून पाचव्या पातळीपर्यंत पायऱ्या मांडल्या. २०१३ मध्ये निकाल आला, त्यात वरच्या दोन पातळ्यांवरच्या कामगारांचा तासाचा पगार तळाच्या लोकांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त होता. सारखंच प्रमाणपत्र असलेली माणसंही वेगवेगळ्या पायऱ्यांवर सापडली. हे वाचताना मला माझं प्रमाणपत्र आठवलं. आपल्याकडेही प्रत्येकाला असंच एक पान वाचायला देऊन विचारायला हवं, काय समजलं? आणि तो अडला तर थांबायला हवं.

तुम्ही फी घेतली नाहीत, हे मी मोठं मानतो. पण खरं सांगू, फी न घेणारे मला आधीही भेटले होते. थांबणारं कोणी भेटलं नव्हतं. शहाणी माणसं पुष्कळ असतात, चांगली माणसंही असतात, पण दुसऱ्याच्या अडखळण्यापाशी न कंटाळता बसणं हे फार थोड्यांना जमतं. बायको आता माझ्याकडे शिकते आहे. परवा ती 'ज्ञ'वर अडली आणि शब्द माझ्या तोंडावर आला होता. मी तो गिळला आणि बोट तिथेच ठेवलं.

रविवारी येतो. येताना दूध मी आणीन. हे पत्र तुम्ही आधी वाचलंत तरी तुम्हाला मीच मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्यात 'स्वाक्षरी' पुन्हा आलं आहे, आणि 'ग्रॅच्युइटी'ला मी अजून अडखळतो. चष्मा लावून बसा आणि बोट ठेवा.

आपला,
मकरपुऱ्याचा विद्यार्थी