जुन्या संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक असावा

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की परभणी, नांदेड, लातूर, बीड या भागांत जुने, दुरुस्त करून विकले जाणारे संगणक घेणाऱ्यांची गर्दी वाढते आणि आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींतही ‘आय-फाइव्ह संगणक, ८ जीबी रॅम, मॉनिटरसह, माफक दरात’ अशा ओळी दिसू लागतात. हा आय-फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, कोणत्या सालचा आणि कोणत्या पिढीचा (कंपनीने काढलेल्या कितव्या मालिकेतला) आहे, याचा उल्लेख त्यांत बहुधा नसतो. संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे या एका त्रुटीपायी पालकांचे कष्टाचे पैसे कसे चुकीच्या ठिकाणी जातात, हे मी जवळून पाहत आलो आहे. म्हणून हे पत्र.

आपल्या बाजारात अशा ग्राहकासमोर हमखास येणारे दोन प्रोसेसर उदाहरणादाखल घेतो. पहिला इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २४००, जो जानेवारी २०११ मध्ये आला; दुसरा कोअर आय-थ्री ८१००, जो ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. नवे असताना इंटेलच्या दरपत्रकात पहिल्याची किंमत १८४ डॉलर होती आणि दुसऱ्याची ११७ डॉलर. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी कार्यालयांतील संच बदलले, की ते घाऊक व्यापाऱ्यांमार्फत आपल्याकडे येतात आणि हे दोन्ही प्रोसेसर शेजारी शेजारी एकाच फळीवर मांडले जातात. ग्राहक तीन आणि पाच हे आकडे पाहतो, पाच मोठा म्हणून आय-फाइव्ह उचलतो, शिवाय तो काही हजारांनी स्वस्तही मिळाला म्हणून समाधानाने घरी जातो.

एकाच पिढीतील आय-थ्री आणि आय-फाइव्ह यांची तुलना करायची असेल, तर हा हिशेब बरोबर आहे. पिढी बदलली की तो लागू पडत नाही. डेस्कटॉपच्या आय-थ्रीमध्ये सातव्या पिढीपर्यंत दोनच कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र काम करणारे भाग) असत. आठव्या पिढीत, म्हणजे ८१००च्या वेळी, ते पहिल्यांदा चार झाले. त्यामुळे या दोन्ही प्रोसेसरांत कोअर चार, थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) चार आणि कॅशे (प्रोसेसरमधील छोटी जलद स्मृती) ६ एमबी, असे सगळे कागदावर सारखेच आहे. जुन्याचा मूळ वेग ३.१ गिगाहर्ट्झ असून तो टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता आपोआप वाढून, ३.४पर्यंत जातो, नव्याला टर्बो नाही, पण त्याचा वेग कायम ३.६ आहे. एवढ्यावरून कुणालाही वाटेल की फरक फार तर उन्नीस-बीसचा असावा.

प्रत्यक्षात पासमार्कसारख्या वेग मोजणाऱ्या चाचण्यांत ८१०० हा २४००च्या साधारण दीडपट भरतो. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या दर सेकंदाच्या ठोक्यांची संख्या, अब्जांत. एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्या आकड्यात दिसत नाही. मधल्या पावणेसात वर्षांत इंटेलने हे दर ठोक्याचे काम बरेच वाढवले, चिप ३२ नॅनोमीटरवरून १४ नॅनोमीटर या अधिक सूक्ष्म तंत्रावर आली आणि रॅम डीडीआर-३वरून अधिक वेगवान डीडीआर-४ प्रकारावर पोहोचली. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे सुरक्षा-दोष उघड झाल्यावर विंडोजमध्ये जे उपाय बसवावे लागले, त्यांचा भार जुन्या पिढ्यांवर अधिक पडला. आय-थ्री ८१००ही त्या दोषांतून सुटलेला नव्हता, हे येथे सांगणे रास्त ठरेल.

पण चाचणीच्या आकड्यांपेक्षा संगणकावर रोज काय करायचे आहे, ते महत्त्वाचे. पत्रे टाइप करणे, टॅली चालवणे, एमएस-सीआयटीचा सराव करणे, सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज भरणे, एवढ्यासाठी २४०० आजही पुरतो आणि या कामांत दोन संचांतील फरक ग्राहकाला सहसा जाणवणार नाही. फरक जाणवतो तो व्हिडिओ पाहताना. आज लातूरच्या किंवा कोटाच्या शिकवणीचे तास घरी बसून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक मुख्यतः त्यासाठीच हवा असतो. यूट्यूब आपले बरेचसे व्हिडिओ व्हीपी-९ या स्वरूपात पाठवते. ८१००मधील यूएचडी ६३० ग्राफिक्समध्ये ते उलगडण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे, तर २४००मधील एचडी २००० ग्राफिक्सला एच-२६४सारखी जुनी स्वरूपे तेवढी उलगडता येतात. दोन्ही संचांवर एकच फुल एचडी व्हिडिओ लावून टास्क मॅनेजर (कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) उघडावा. ८१००वर सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आलेख खालीच राहतो आणि जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या, पानावरील ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलू लागतो. २४००वर सगळे ओझे सीपीयूवरच पडते. सोबतीला पीडीएफ, ब्राउझरच्या आठ-दहा टॅब आणि एखादी ऑनलाइन बैठक आली, की पंख्याचा आवाज वाढतो आणि शिक्षकांचा आवाज तुटू लागतो. त्याहून नव्या एव्ही-१ स्वरूपासाठी मात्र दोहोंतही सोय नाही.

विजेच्या बाबतीत विक्रेते जे सांगतात, ते थोडे तपासून घ्यावे लागेल. २४००ची उष्णता-मर्यादा (पूर्ण भारावर साधारण किती उष्णता बाहेर पडते तो आकडा) ९५ वॅट आणि ८१००ची ६५ वॅट आहे. दोन्ही रोज ६ तास पूर्ण क्षमतेने चालले आणि त्यांच्या वापरात या ३० वॅटचाच फरक पडला असे धरले, तरी महिन्याला ५.४ युनिटांचे अंतर पडते. घरगुती कामात संगणक पूर्ण क्षमतेने फार कमी वेळ चालतो, त्यामुळे प्रत्यक्ष बचत त्याहूनही कमी होईल. वीजबिलासाठी नवी पिढी घ्या, असे मी कुणाला सांगणार नाही. उन्हाळ्याचा विचार मात्र करावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो, बरीच सेवा केंद्रे पत्र्याच्या गाळ्यांत चालतात, आणि दहा-बारा वर्षे वापरलेल्या संचात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे, म्हणजे थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे, नेणारा लेप) वाळून कडक झालेली असते. असा संच घेतला, तर आधी हीटसिंक काढून धूळ साफ करून घ्यावी आणि नवी पेस्ट लावून घ्यावी. नाहीतर ऐन दुपारी प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि दोष विंडोजला दिला जातो.

सर्वांत निर्णायक मुद्दा विंडोजचाच आहे. विंडोज १०चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११साठी इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-व्यवस्था) लागते. आय-थ्री ८१०० या यादीत बसतो, आय-फाइव्ह २४०० बसत नाही. तरीही काही ठिकाणी तपासणी चुकवून जुन्या संचावर विंडोज ११ टाकून दिले जाते आणि ग्राहकाला ‘लेटेस्ट विंडोज’ म्हणून सांगितले जाते. अशा संचांना पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावरून लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि पीक विम्याचे अर्ज भरले जातात, त्याची सुरक्षा अशी टांगती ठेवणे मला गंभीर वाटते. ज्यांच्याकडे जुना संच आधीच आहे, त्यांनी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू बसवून घ्यावे; या प्रणाली विनामूल्य आहेत, २४००वर चांगल्या चालतात आणि त्यांत युनिकोड मराठी टाइप करण्याची सोयही आहे.

ज्यांचे बजेट फारच ताणलेले आहे, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. प्रोसेसर बदलण्याआधी हार्डडिस्क बदलावी. एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, वेगवान साठवण) घातलेला २४०० हा हार्डडिस्कवर चालणाऱ्या ८१००पेक्षा सुरू होताना आणि प्रोग्रॅम उघडताना चपळ वाटतो, कारण तेथे अडणारी वस्तू प्रोसेसर नसून फिरणारी तबकडी असते. दुसऱ्या पिढीच्या एच-६१ मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) साटा या डिस्क-जोडणीचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटपर्यंतच आहे आणि एम-डॉट-टू या छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची जागा नाही, पण साधी अडीच इंची एसएसडी तेवढ्यावरही हार्डडिस्कला खूप मागे टाकते. हीच एसएसडी पुढे नव्या संचात काढून बसवता येते, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही. २४००च्या संचातील डीडीआर-३ रॅम मात्र पुढे डीडीआर-४च्या संचात बसत नाही, म्हणून जुन्या संचात रॅम वाढवण्यावर फार पैसे घालू नयेत.

माझे मत स्पष्ट सांगतो. अकरावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आणि पुढची चार-पाच वर्षे तोच संगणक वापरणार असलेल्या मुला-मुलींसाठी ८१००चा संच एसएसडीसह घ्यावा, त्यासाठी चार पैसे अधिक गेले तरी चालतील. २४०० केवळ टायपिंग आणि सरावासाठी, लिनक्सची तयारी असेल आणि किंमत खरोखरच कमी असेल तर घ्यावा. आय-फाइव्ह या नावासाठी त्याचे जादा पैसे कदापि देऊ नयेत.

पिढी ओळखणे अवघड नाही. डेस्कटॉपमध्ये आय-थ्री किंवा आय-फाइव्हनंतर जो क्रमांक येतो, तो चार आकडी असेल तर त्याचा पहिला अंक म्हणजे पिढी: २४०० दुसरी, ४५९० चौथी, ८१०० आठवी. क्रमांक १०१००सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक पाहावेत, आणि ६५०सारखा तीनच आकडी असेल तर तो पहिल्या पिढीचा समजावा. दुकानातच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’चे पान उघडले, की हा क्रमांक उजवीकडे वर लिहिलेला दिसतो. जुना ट्रॅक्टर घेताना आपण आरसी बुकातले साल पाहिल्याशिवाय इसार देत नाही, तेवढीच ही खबरदारी आहे. सुटे भाग घेऊन संच जुळवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: सहाव्या-सातव्या पिढीच्या एच-११० मदरबोर्डावरील सॉकेटचे (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे) नाव ८१००च्या सॉकेटसारखेच ११५१ असले, तरी ८१०० त्यावर चालत नाही, त्याला इंटेलच्या ३०० मालिकेचा मदरबोर्डच लागतो.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर दिसते ती लोकवर्गणीतून शाळांसाठी घेतल्या जाणाऱ्या संगणकांत. गावकरी पै-पै जमा करतात, शाळा व्यवस्थापन समिती तीन दरपत्रके मागवते, आणि तिन्हींत ‘आय-फाइव्ह संगणक, नग १०’ एवढेच लिहिलेले असते. मग सर्वांत कमी दर मंजूर होतो, आणि कमी दराचा संच बहुधा सर्वांत जुन्या पिढीचा असतो. यात दोष समितीतील कुणाचा नाही, कारण तुलना करण्यासाठी लागणारी माहितीच कागदावर नसते. दरपत्रक मागवतानाच प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमचा प्रकार, एसएसडीची क्षमता आणि विंडोजचा परवाना अस्सल आहे की नाही, या चार बाबी लिहून मागाव्यात, अशी माझी मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना विनंती आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. छोट्या जाहिराती स्वीकारताना जुन्या संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसरचा क्रमांक असावाच, अशी अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी; त्यासाठी एका शब्दाची जागा अधिक लागेल. प्रामाणिक विक्रेत्यांचा त्यास विरोध असण्याचे कारण नाही, उलट आठव्या पिढीचा माल ठेवणाऱ्यांना आपला दर का अधिक आहे ते सांगण्याची सोय होईल. आणि ग्राहकांनीही तोच क्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, म्हणजे घरी गेल्यावर वेगळा माल निघाल्यास दाद मागायला हातात लेखी पुरावा राहील.

कळावे.

आपला नियमित वाचक,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
परभणी