सूचना : गॅस बिलाचे मेसेज आणि तुमचे बँक खाते

सर्व सभासदांस,

महानगर गॅसच्या नावाने खोटे मेसेज फिरत आहेत. "बिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडली जाईल, या नंबरवर फोन करा." फोन केला की समोरचा गोड बोलून एक एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवतो. ती उघडू नका. एकदा मोबाइलमध्ये बसली की तुमचे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, परस्पर त्याच्याकडे जाऊ शकतात. तुम्ही कोणाला काही सांगितले नसले तरी खाते रिकामे होते. थकबाकीची शंका असेल तर छापील बिलावरच्या नंबरवर विचारा.

पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे फोनवरूनच अटक, असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसली तरी खुशाल फोन ठेवा, त्यात उद्धटपणा नाही.

पैसे गेलेच तर घरच्यांपासून लपवत बसू नका. आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला तक्रार द्या, मग बँकेला कळवून खाते व कार्ड बंद करायला सांगा. दोन्हीकडचे तक्रार क्रमांक लिहून घ्या. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवले तर ती गोठवता येते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

एकटे राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांच्या शेजाऱ्यांनी हे त्यांना वाचून दाखवावे. ग्रुपवरचे मेसेज ते बघतातच असे नाही.

सेक्रेटरी, व्यवस्थापन समिती
मुलुंड (पूर्व), मुंबई