खाण एका गावाची, बाजार दुसऱ्याचा

संपादक महोदय,

थायलंडच्या त्रात प्रांतात, कंबोडियाच्या सीमेलगत, बो राय नावाचा ग्रामीण तालुका आहे. १९६२ साली ब्रह्मदेशात लष्करी राजवट आली, तिथल्या माणकांचा पुरवठा आटला आणि व्यापाऱ्यांची नजर या भागाकडे वळली. १९७० आणि १९८० च्या दशकांत तिथली तांबडी माती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फोडून, वाळू-खडी धुऊन माणके वेचली जात. साठे संपले तसे खाणवाले निघून गेले. शेजारच्या चंथाबुरी शहरात मात्र खडे तापवून त्यांची जांभळट झाक घालवण्याचे आणि पैलू पाडण्याचे कसब रुजले होते. तिथला बाजार आजही आफ्रिकेतून येणाऱ्या माणकांवर भरतो.

हे लिहिण्याचे कारण आपल्या मराठवाड्यातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांतील पोकळ्यांत आपल्याकडे अकीक हा पट्ट्यांचा शोभेचा दगड आणि स्टिल्बाइट, अपोफिलाइट या खनिजांचे स्फटिक वाढले. विहिरीला सुरुंग लावल्यावर एखादा काळा गोटा फुटतो आणि आत फिकट भगव्या स्टिल्बाइटवर हिरवट अपोफिलाइट चमकताना दिसते, पण पहारीच्या घावाने त्याची टोके तोवर मोडलेली असतात. शेतकरी त्याला गारगोटी म्हणून बांधावर टाकतो, नाहीतर फिरत्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देतो. असेच नमुने पुढे परदेशातील संग्राहकांकडे मोठ्या किमतीला जातात, ही गोष्ट मनाला लागते.

इथले दगड बाहेरच्या बाजारात जाणे आपल्याकडे नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने, पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जाते, असे नोंदवले आहे. आज अकीक घासण्याचे आणि मणी करण्याचे काम गुजरातेत खंबातला चालते. पैठणला त्याची खूणही दिसत नाही.

म्हणून विनंती अशी की, जालना व छत्रपती संभाजीनगर येथील आयटीआयमध्ये स्फटिक न मोडता काढणे, साफ करणे, बांधणे आणि अकीकाला पैलू पाडणे यांचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा; तसेच विहीर किंवा दगडखाण खोदताना सापडलेल्या नमुन्यांची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि ते ओळखून त्यांची किंमत सांगण्याचे काम भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांकडे सोपवावे. विहिरींची कामे उन्हाळ्यात जोरात असतात, त्यामुळे निदान नोंदीची व्यवस्था तरी त्याआधी व्हावी.

आपला,
एक वाचक, पैठण