तुलनात्मक साहित्य शिकून करायचं काय?

रविवारच्या पुरवणीतला ‘नोकरी न देणाऱ्या पदव्या’ सांगणारा लेख वाचला, त्यात तुलनात्मक साहित्याला, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतलं साहित्य शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासणाऱ्या विषयाला, एका ओळीत निकालात काढलंय ते काही पटलं नाही. बंगाली कवी बुद्धदेव बसूंनी 1956 साली कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात या विषयाचा विभाग सुरू केला, बंगाली लेखिका नवनीता देवसेन तिथल्याच विद्यार्थिनी, म्हणजे हे काही काल आलेलं फॅड नाही. खरी अडचण वेगळीच आहे. या विषयाची स्वतंत्र नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता) परीक्षा आहे, पोरं ती पासही होतात, पण देशात असे विभागच मोजके, मग इंग्रजी किंवा मराठीच्या प्राध्यापकाच्या जागेला अर्ज केला की ‘तुमचा विषय वेगळा’ म्हणून फाइल बाजूला. माझ्या भाचीच्या बाबतीत एका कॉलेजात हेच झालं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या प्राध्यापक-नेमणुकीच्या नियमांत तर ‘संबंधित’सोबत ‘संलग्न’ विषयातली पदवीही चालते असं स्पष्ट आहे. दोन-तीन भाषांतलं साहित्य मुळातून वाचणारा माणूस साहित्याच्या विभागाला संलग्न नाही तर कोणाला? (भूगोलाला?) तेव्हा पदवीला नावं ठेवण्याआधी विद्यापीठांनी संलग्न विषयांची यादी करून ती जाहिरातीतच छापावी.

– एक वाचक, पुणे