गिरणगावची फिल्म आंबण्याआधी स्कॅन करा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: मुंबईच्या जुन्या हवाई छायाचित्रांचं जतन

मा. मंत्रिमहोदय,
स. न.

गिरणगावच्या जुन्या हवाई छायाचित्रात साचेखातं, म्हणजे मागांची शेड, लगेच ओळखू येतं. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आणि प्रत्येक दात्याची काच उत्तरेला, म्हणजे उजेड आत येतो, ऊन येत नाही. त्यामुळे रस्ता कितीही तिरपा असो, शेडचे पट्टे पूर्व-पश्चिमच धावतात. बाजूला चिमणी आणि गिरणीचा तलाव, रस्त्यापलीकडे कौलारू चाळींच्या रांगा. १:१०,००० प्रमाणावर ३० मीटरची चाळ फिल्मवर ३ मिलिमीटर भरते.

चिमणीची उंचीही काढता येते. फ्रेमच्या कडेला घड्याळ, उंचीमापक, पाणसळ आणि क्रमांक उमटलेला असतो. तारीख-वेळ कळली की सूर्याचा कोन कळतो, मग सावली मोजायची. २१ डिसेंबरच्या माध्यान्ही मुंबईत ५० मीटरच्या चिमणीची सावली सुमारे ४६ मीटर पडते. (मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवसाच्या आगेमागे भर दुपारी उडालेलं विमान या कामी फुकट.)

याचा पैशाशी थेट संबंध आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: मोकळी मैदानं, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीनंतर ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीला लागू झाली, शेडखालची जागा हिशेबातून बाहेर गेली. कुठली जागा कधी मोकळी होती आणि कुठली छपराखाली, याला वरून काढलेल्या फ्रेमसारखा साक्षीदार नाही. हिंदमात्याचं पावसाचं पाणी साठवायला महापालिकेला मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या. त्या खोलगट भागात पूर्वी तलाव-विहिरी कुठे होत्या, हेही याच फिल्मवर शोधायला हवं. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, म्हणजे जमिनीवर मोजायला फार काही उरणार नाही.

आता अडचण. अशी बरीचशी जुनी फिल्म ॲसिटेट या प्लास्टिकची असते. दमट हवेत ती आंबते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. सुटलेलं ॲसिड पुढची झीज आणखी वाढवतं, फिल्मचा प्लास्टिकचा पाया आकसतो आणि त्यावरचा चित्राचा थर सुरकुततो. थंड खोलीत ही क्रिया मंदावते, थांबत नाही. त्यामुळे आधी प्रत्येक डब्यात ॲसिड तपासायची निळी पट्टी ठेवावी. ती हिरवी-पिवळी पडली तर तो डबा वेगळा काढून आधी स्कॅनला घ्यावा. थंड खोलीतून काढलेला डबा बंद पिशवीतच ठेवून काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर बाष्प धरून फिल्म चिकटते. कागदी प्रिंट लॅमिनेट करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

स्कॅनिंगची निविदा निघते तिथे खरी माती होते. फ्रेम २३ सेंमी चौरस, कार्यालयातल्या ए-४ स्कॅनरची काच २१.६ सेंमी रुंद. म्हणजे एक कड कापली जाते, आणि घड्याळ, क्रमांक, मोजमापाच्या खुणा तर कडेलाच असतात! निविदेत स्पष्ट लिहावं: जिथे निगेटिव्ह आहे तिथे प्रिंट नको, निगेटिव्हच, पूर्ण फ्रेम कडेसकट, २,००० डीपीआय, १६ बिट, टिफ, प्रिंटच्या पाठीवरची पेन्सिलची नोंदही. खर्च वाचवायला एकाआड एक फ्रेम घेऊ नये. लागोपाठच्या फ्रेम ६० टक्के एकमेकींवर येतात म्हणून स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन डोळ्यांनी दोन फ्रेम एकत्र पाहायच्या भिंगांखाली, इमारती उठून दिसतात. एकाआड एक घेतल्या की २० टक्के उरतात आणि उठाव गेला.

फ्रेम आजच्या नकाशावर बसवतानाही चूक होते. चिमणीचा माथा चित्राच्या मध्यापासून बाहेर कलतो, म्हणून खूण नेहमी पायथ्याची घ्यावी. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ नंतर पाडून नव्याने बांधला, त्याचा कोपरा धरला तर सगळी फ्रेम सरकेल. भायखळा स्थानकाची जुनी इमारत किंवा रेसकोर्सची धाव भरवशाची.

हे काम केवढं? मुंबई शहर जिल्हा सुमारे ६८ चौरस किलोमीटर. १:१०,००० प्रमाणावर एका उड्डाणाच्या ७०-८० फ्रेम होतील, प्रत्येकी साधारण ६५० एमबी. सगळं मिळून एका ६४ जीबी पेनड्राइव्हवर मावेल.

पुराभिलेख संचालनालय आपल्याच विभागाखाली आहे. त्याला पुढाकार द्यावा. महापालिका, नगररचना, बंदर प्राधिकरण आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांच्याकडे काय काय आहे याची उड्डाण, पट्टा (विमानाची एक सरळ फेरी), फ्रेम, तारीख अशी यादी तीन महिन्यांत मागवावी आणि ती यादी आधी प्रसिद्ध करावी. नौदलाची गोदी दिसते म्हणून अख्खी फ्रेम कपाटात ठेवू नये. तेवढा तुकडा झाकावा, बाकीचं लालबाग-परळ लोकांना पाहू द्यावं.

आपले,
हवाई छायाचित्रं आणि जुन्या नकाशांचे अभ्यासक, मुंबई