चौथ्या डिव्हिजनचे गोल

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, इंग्लंडात राहून मँचेस्टर-लिव्हरपूलची एक मॅच बघायला होत नाही का तुला? नाइट ड्युटीला निघायची वेळ झाली होती, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही वाच. शेवटी तुझ्यासाठी एक काम आहे.

आमचं श्रूजबरी लहान गाव. इथला फुटबॉल क्लब आजवर कधी पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, डिव्हिजनमध्ये गेलेला नाही. पण इंग्लिश लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल ज्याच्या नावावर आहेत तो आर्थर रोली इथे खेळला. 619 सामने, 434 गोल. तो 1965 मध्ये थांबला, आणि तो आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. हे मला हॉस्पिटलात माझ्या वॉर्डातल्या एका आजोबांनी सांगितलं. लहानपणी त्यांनी त्याला बघितलं होतं. नाव काढलं की उशीवरनं उठून बसायचे.

महायुद्ध संपल्यावर लीग 1946 ला पुन्हा सुरू झाली तेव्हा रोली वीस वर्षांचा होता. वेस्ट ब्रॉमविच क्लबला 24 सामन्यांत त्याचे गोल फक्त 4. तिथून फुलम, आणि 1950 मध्ये लेस्टर. तिथे मात्र पोरगं पेटलं. 303 सामन्यांत 251 गोल! 1956-57 च्या एका मोसमात 44, आणि लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिलं. अंगाने दणकट, डाव्या पायाचा फटका असा की लोक त्याला 'गनर' म्हणायचे. थोरला भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडचा, इंग्लंडकडूनही खेळला. आर्थरला मात्र इंग्लंडच्या मुख्य संघात एकदाही घेतलं नाही. बहुतेक गोल खालच्या डिव्हिजनमधले, म्हणून आजही त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. मला हे फार लागतं.

पैशाचं ऐका. तेव्हा खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. 1958 ला आठवड्याला 20 पौंड, त्यावर एक पेनी नाही, मग कितीही गोल करा. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. खेळाडूंच्या युनियनने, जिमी हिल पुढारी असताना, संपाची तयारी केली तेव्हा कुठे जानेवारी 1961 मध्ये ती मर्यादा गेली.

रोली 1958 मध्ये इथे आला तो खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही म्हणून, वय 32. चौथी डिव्हिजन त्याच वर्षी नवीन सुरू झालेली. पहिल्याच मोसमात त्याने 38 गोल घातले आणि क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये चढला. 1961 मध्ये एव्हर्टनसारख्या बड्या क्लबला हरवून लीग कपची उपांत्य फेरी गाठली. त्याच एप्रिलमध्ये त्याने डिक्सी डीन या जुन्या खेळाडूचा 379 लीग गोलांचा विक्रम मागे टाकला.

जुनं मैदान, गे मेडो, अगदी सेव्हर्न नदीला लागून होतं. बॉल स्टँडवरून नदीत गेला की फ्रेड डेव्हिस नावाचा माणूस कोरॅकल घेऊन निघायचा. कोरॅकल म्हणजे बुट्टीएवढी गोल होडी, एकच वल्हं, एकच माणूस. प्रवाहात गरगरत जाऊन तो बॉल काढून आणायचा, आणि दर बॉलमागे त्याला पैसे मिळायचे. 2007 मध्ये क्लब नव्या मैदानावर गेला. मी आता त्या नव्या मैदानावर जाते बाबा, तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या मॅच बघायला, आणि मनापासून ओरडते.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या तालमीचा फुटबॉल संघ वरच्या गटात गेला नाही म्हणून तुम्ही तुमच्या खेळाचा विषयच काढत नाही. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मला खांद्यावर घेऊन गेलात, पण सांगितलंत ते सगळं दुसऱ्यांच्या गोलांबद्दल. खालच्या गटात मारलेला गोलही जाळीतच जातो ना? इथे तर चौथ्या डिव्हिजनचे गोल धरूनच रोली सगळ्यांच्या वर आहे.

आई, काम असं. संध्याकाळी चहा झाला की मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू कर आणि त्यांना बोलतं कर. कुठल्या जागेवर खेळायचे, बूट कुणाचे, पहिला गोल कुणाविरुद्ध, सगळं. ते टाळतील, तू सोडू नकोस. तुझा नातू रोज विचारतोय.

बाबा, गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, मागवून घ्या. बीपीच्या गोळ्या चुकवू नका. मे महिन्यात येते.

तुमची लाडकी,
ताई