श्वास कधी रोखायचा, ते पेशंटला कळेल असं सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुका असो की पलीकडचं चंदगड, एमआरआय म्हटलं की आपली माणसं बेळगाव गाठतात. मध्यंतरी काकूंना पोटाच्या एमआरआयसाठी तिथल्या एका सेंटरवर नेलं. कानाला हेडफोन लावून त्यांना यंत्रात सरकवलं. आतली रेकॉर्डेड सूचना इंग्रजीत: 'ब्रीद इन, होल्ड'. काकूंना मराठी येतं, बाजारापुरतं कानडी. त्यांनी आपला श्वास नेहमीसारखा चालू ठेवला. चित्रं बिघडली आणि वर आम्हीच ऐकून घेतलं, 'पेशंट को-ऑपरेट करत नाही.'

एमआरआय हा एक्स-रेसारखा फोटो नव्हे. दीड टेस्ला (चुंबकाची ताकद मोजायचं एकक) ताकदीच्या चुंबकात शरीरातल्या पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे अणू सुमारे 64 मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. जागेनुसार चुंबकीय क्षेत्र किंचित बदललं की प्रत्येक जागेचा सूर वेगळा लागतो. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये मांडली; 2003 चं नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं. यंत्राला ऐकू येतो तो सगळ्या सुरांचा एकत्र गलका. भजनातून टाळ, मृदंग, पेटी निवडावी तसं फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचं गणित त्यातून चित्र उलगडतं.

मेख इथेच आहे. यंत्र आकडे ओळीओळीने गोळा करतं आणि पोटाच्या ज्या पातळ कापाचं चित्र घ्यायचं, त्या अख्ख्या कापाचा प्रत्येक आकड्यात वाटा असतो. त्यामुळे मध्येच पोट हललं तर डाग एका कोपऱ्यात पडत नाही. पोटाच्या कडेच्या भुतासारख्या सावल्या यकृतावर, पित्ताशयावर, सगळीकडे उमटतात. कमी ओळी मोजून बाकीचं गणिताने भरून काढण्याच्या पद्धती आता आल्या आहेत, श्वास रोखायचा वेळही त्यामुळे घटतो. पण पोटाच्या तपासणीत बऱ्याचदा 15-20 सेकंद तो रोखावाच लागतो.

यात सीमावाद कुणी काढू नये. कडोलीच्या मराठी आजीला जी अडचण, तीच बैलहोंगलच्या कानडी अज्जीला. सेंटरवरच्या पोरांना दोन्ही भाषा येतात, आमच्याशी ती मराठीतच बोलत होती! मग आत नेण्यापूर्वी दोनदा श्वासाचा सराव करून घ्यायला आणि माइकवरून त्या माणसाच्या भाषेत 'श्वास घ्या, धरा, सोडा' म्हणायला अडचण कसली? आणि सूचना न कळल्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागली, तर तिचे पैसे पेशंटकडून घेऊ नयेत.

– एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)